वर होतं, मंग पडलं कावून?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश आणि मध्य प्रदेशातल्या हजारो लोकांनी आकाशातून जळत जाणारी एक रांग पाहिली. उल्का असावी असं बऱ्याच जणांना वाटलं, पण ती उल्केपेक्षा फार सावकाश सरकत होती. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाजवळच्या मोकळ्या जागेत धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. माणूस आत उभा राहील एवढं, आठ-दहा फुटांचं. पुढच्या दिवसांत आजूबाजूच्या गावांतून धातूचे गोळेही सापडले. कोणाला इजा झाली नाही. कडं पोलीस ठाण्यात जमा झालं आणि त्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर रात्रीतून महाराष्ट्रभर फिरले.

माझ्या मामाचं गाव त्याच तालुक्यात. रात्री त्याचा फोन आला. त्यानं आधी सगळी हकीकत सांगितली (लोक गाड्या काढून बघायला निघाले, कोणी कड्याला हात लावला, कोणी सेल्फी काढला) आणि मग विचारलं, "बाबू, मले एक सांग. हे वर होतं म्हन्ते, मंग पडलं कावून?"

मी घाईत काहीतरी उत्तर दिलं. हवेचं घर्षण वगैरे. ते चूक नव्हतं, पण अपुरं होतं. गेली शंभर वर्षं गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासात जे काही झालं, त्यातला मोठा भाग मामाच्या याच प्रश्नाभोवती फिरतो, हे मला नंतर हळूहळू कळत गेलं.

आधी लाडबोरीचं उत्तर पूर्ण करू. ते कडं फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या एका चिनी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग असावं, असं उपग्रहांचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी तेव्हाच सांगितलं होतं. उपग्रह वर सोडून झाल्यावर रॉकेटचं रिकामं धूड वर्षभर पृथ्वीभोवती फिरत होतं. आता 'फिरत होतं' म्हणजे काय? ते पडतच होतं. आडवा वेग इतका, की पडता पडता दर वेळी जमीन चुकायची. चंद्रही असाच पडतो आहे. न्यूटनचा मोठेपणा सफरचंदात नाही, चंद्रही पडतो आहे हे त्याला दिसलं यात आहे. रॉकेटचं धूड मात्र प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळ येताना विरळ हवेला घासायचं, थोडी ऊर्जा गमवायचं, कक्षा थोडी आकसायची. अशा हजारो फेऱ्यांनंतर एका संध्याकाळी हवा जिंकली.

म्हणजे हवा नसती तर पडलं नसतं? न्यूटनचं उत्तर: नाही, अनंतकाळ फिरत राहिलं असतं. आइनस्टाइनचं उत्तर: तरीही पडलं असतं, फक्त फार म्हणजे फारच उशिरा.

१९१५ मध्ये आइनस्टाइननं व्यापक सापेक्षता सिद्धांत मांडला. त्यात गुरुत्वाकर्षण ही दोन वस्तूंमधली ओढ उरत नाही. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ वाकतात, आणि वस्तू त्या वाकलेल्या वाटेनं जातात. पुढच्याच वर्षी त्यानं गणितातून दाखवलं की एकमेकांभोवती फिरणाऱ्या वस्तू अवकाशातच लहरी उठवतील, आणि त्या लहरी ऊर्जा घेऊन जातील. ऊर्जा गेली की कक्षा आकसणार. हवा असो वा नसो, सगळं पडणारच. गंमत अशी की १९३६ मध्ये आइनस्टाइनला स्वतःलाच शंका आली. अशा लहरी नसतातच, असं म्हणणारा शोधनिबंध त्यानं लिहिला. परीक्षकानं चूक काढली, तेव्हा तो त्या नियतकालिकावर रागावला आणि नंतर शांतपणे आपलं मत बदलता झाला.

आपल्याकडे याच काळात हा विषय कुठे शिकवला जात होता? बनारसला. कोल्हापुरात १९०८ साली जन्मलेले विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजहून रँग्लर होऊन आले आणि १९३२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले. जगभरातले हुशार तरुण तेव्हा अणू आणि क्वांटमच्या मागे लागले होते. सापेक्षता सिद्धांत सुंदर आहे, पण त्याचं करायचं काय, असा सूर होता. मोजता येईल असं त्यात फारसं काही नव्हतं. नारळीकरांनी मात्र तिथे आपल्या विद्यार्थ्यांसह तेच काम चालू ठेवलं.

१९४२ मध्ये गुजरातेतून एक तरुण शिक्षक त्यांच्याकडे आला, प्रल्हाद चुनीलाल वैद्य. शिष्यवृत्ती नाही. साठवलेल्या पैशांवर बायको आणि लहान मुलीसह बनारसला राहायचं, आणि पैसे संपेपर्यंत संशोधन करायचं, एवढंच ठरलेलं. देशात 'भारत छोडो' पेटलेलं, बाहेर महायुद्ध. त्यात वैद्यांनी १९४३ मध्ये एक प्रश्न सोडवला: तारा प्रकाश फेकतो आहे, म्हणजे वस्तुमान गमावतो आहे, तर त्याच्याभोवतीचं अवकाश कसं वाकलेलं असेल? त्याआधीचं श्वार्ट्झशील्डचं उत्तर अंधाऱ्या, न बदलणाऱ्या ताऱ्याचं होतं. खरे तारे जळतात. वैद्यांचं उत्तर आज 'वैद्य मेट्रिक' म्हणून जगभर वापरलं जातं, कृष्णविवर कसं वाढतं किंवा झिजतं याचा हिशेब करतानाही. साठवलेल्या पैशांवरचं आयुष्य आणि कागदावरचं गणित! या कथेत मला सगळ्यात आवडतो तो हा भाग, कारण यात ना दुर्बीण आहे ना कोटींचा निधी.

विष्णुपंतांचा मुलगा जयंत याच विद्यापीठाच्या आवारात वाढला. त्याचे मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, शिकायला त्यांच्याकडे राहायला आले होते. घरातल्या फळ्यावर ते एखादं अवघड गणित लिहून ठेवायचे, वर 'जेव्हीएनसाठी आव्हान' असं काहीतरी. उत्तर सापडेपर्यंत ते पुसलं जायचं नाही. मामा लोकांचा विज्ञानाच्या इतिहासातला वाटा कोणीतरी एकदा नीट लिहायला हवा.

जयंत नारळीकर केंब्रिजला गेले, फ्रेड हॉईल यांच्याबरोबर १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला, १९७२ मध्ये मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले आणि १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' उभी केली. विश्वाची सुरुवात एका महास्फोटातून झाली हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. बहुतेक शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मान्य केली नाही, आणि उपलब्ध पुराव्यांकडे पाहता मलाही वाटतं की त्या वादात ते चुकीच्या बाजूला होते. पण त्यांनी पुण्यात जी संस्था काढली तिथे महास्फोट मानणाऱ्यांना पूर्ण मोकळीक होती. हे वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याकडे संस्था काढणारा माणूस सहसा आपलं मतही भिंतींत चिणून टाकतो.

मराठी वाचकाला कृष्णविवर भेटलं तेही त्यांच्यामुळे, आणि पाठ्यपुस्तकातून नव्हे तर कथेतून. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक: नारायण विनायक जगताप. हा जगताप कोण, कोणालाच माहीत नव्हतं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला, की जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून हे नाव घेतलं होतं, परीक्षकांवर ओळखीचं दडपण येऊ नये म्हणून. इंग्रजीत 'ब्लॅक होल' हा शब्द १९६७ नंतर रुळला. म्हणजे सातेक वर्षांत तो मराठी कथेच्या शीर्षकात होता.

*

कृष्णविवर बनतं कसं, हे गडचिरोलीच्या माणसाला सांगायचं तर लोखंडापासून सुरुवात करावी. एटापल्ली तालुक्यातला सूरजागडचा डोंगर उत्तम लोहखनिजाचा आहे. त्या खाणीवरून जिल्ह्यात काय काय झालं आणि होतं आहे, ते तुम्ही बातम्यांत वाचता. ताऱ्याच्या पोटातही लोखंडाशी येऊनच सगळं अडतं. हायड्रोजनपासून हेलियम, मग कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन असं एकेक जड मूलद्रव्य बनताना ऊर्जा सुटते आणि ती ऊर्जा ताऱ्याला आतून तोलून धरते. लोखंडाच्या पुढे जोडणीतून ऊर्जा मिळत नाही, उलट द्यावी लागते. मोठ्या ताऱ्याच्या गाभ्यात लोखंड साचत जातं आणि सूर्याच्या साधारण १.४ पट झालं की स्वतःचं वजन त्याला पेलवत नाही. ही मर्यादा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावानं ओळखली जाते. १९३० मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना, मुंबईहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर त्यांनी पांढऱ्या बटू ताऱ्यांसाठी हे गणित मांडायला सुरुवात केली होती. गाभा सेकंदभरात आत कोसळतो. तारा पुरेसा मोठा असेल तर हे कोसळणं कुठेच थांबत नाही. जे उरतं त्यातून प्रकाशही बाहेर येत नाही.

सूरजागडच्या लोखंडाचे अणूही ताऱ्यांच्याच मरणातून आले आहेत, बरेचसे वेगळ्या जातीच्या स्फोटांतून, ज्यात मागे कृष्णविवर उरत नाही. ट्रकांची रांग पाहताना हे आठवलं की मला जरा विचित्र वाटतं. एवढ्या मोठ्या उलाढालीनंतर तो अणू टिप्परमध्ये भरला जातो.

*

मामाच्या प्रश्नाचा पहिला पक्का पुरावा १९७४ मध्ये सापडला. रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून दोन मेलेल्या ताऱ्यांची एक जोडी दिसली. दोन्ही न्यूट्रॉन तारे, पावणेआठ तासांत एकमेकांभोवती एक फेरी. पुढची काही वर्षं त्यांनी नुसतं घड्याळ लावून पाहिलं. फेरीचा वेळ कमी होत होता, म्हणजे कक्षा आकसत होती. दर वर्षी साडेतीन मीटरच्या आसपास! तिथे हवा नाही, घासायला काही नाही. आकसण्याचा वेग मात्र आइनस्टाइनच्या सूत्रानं सांगितला तेवढाच. सुमारे तीस कोटी वर्षांनी ते दोघे एकमेकांवर पडतील. लाडबोरीच्या कड्याचीच वाट, फक्त हवेऐवजी लहरी. १९९३ चं नोबेल या कामाला मिळालं.

पण हा पुरावा झाला हिशेबाचा. पैसे कमी झाले म्हणून कोणीतरी नेले असणार, असा. नेणाऱ्याला पकडायचं होतं. लहर पृथ्वीवरून जाताना तिनं केलेली ओढाताण मोजायची, तर चार किलोमीटर लांबीच्या नळीत प्रोटॉनच्या काहीशेव्या भागाइतका फरक पकडावा लागतो. नळी जमिनीवर. जमिनीवर ट्रक चालतात, समुद्राच्या लाटा आदळतात, झाडं हलतात, उपकरणांचे अणूही उष्णतेनं थरथरतात. गोंगाट अफाट, आणि हवा असलेला आवाज त्यात बुडालेला.

ताडोबात गाइडबरोबर गेला असाल तर पुढचं समजायला सोपं जाईल. जंगलात हजार आवाज असतात. गाइड अचानक गाडी थांबवतो, कारण त्याला दूरवर सांबराचा किंवा चितळाचा इशारा ऐकू येतो. तुमचे कान त्याच्याइतकेच चांगले असतात, पण तुम्हाला तो ऐकू येत नाही. कारण तो आवाज कसा असतो हे त्याला आधीच ठाऊक असतं आणि तुम्हाला नसतं. त्याच्या डोक्यात एक नमुना तयार आहे, आणि कानावर पडणारं सगळं तो त्या नमुन्याशी जुळवून पाहतो.

आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांच्याबरोबर बी. एस. सत्यप्रकाश यांनी नेमकं हेच काम हाती घेतलं. एकमेकांवर पडत जाणाऱ्या जोडीची लहर कशी असेल हे सिद्धांतातून काढता येतं. फेऱ्या जलद होत जातात, आवाजाची पट्टी चढत जाते, ताकद वाढत जाते, आणि मग एकदम शांत. पण जोडीतल्या ताऱ्यांची वस्तुमानं माहीत नसतात. मग नमुने किती लागतील? ते एकमेकांपासून किती अंतरावर ठेवायचे, म्हणजे खरा आवाज दोन नमुन्यांच्या फटीतून निसटणार नाही आणि संगणकही दमणार नाही? १९९१ मध्ये त्यांचा या प्रश्नावरचा शोधनिबंध आला. तेव्हा ज्या यंत्रासाठी हे नमुने बनत होते ते अमेरिकेत बांधायलाही घेतलेलं नव्हतं. बंगळुरूत बाला अय्यर फ्रेंच आणि अमेरिकी सहकाऱ्यांसह त्याच लहरींचं गणित अधिकाधिक अचूक करत होते. आणि त्याच्या खूप आधी, १९७० मध्ये, बंगळुरूच्याच सी. व्ही. विश्वेश्वरांनी संगणकात कृष्णविवरावर लहरी आदळवून पाहिल्या होत्या. टोल पडल्यावर घंटा घुमत घुमत विरते तसं कृष्णविवरही घुमतं, हे त्यांना दिसलं. घुमण्याची पट्टी सांगते कृष्णविवर केवढं आहे.

पंचवीस वर्षं हे सगळे लोक एका अशा इशाऱ्याचे नमुने बनवत होते जो कोणी कधी ऐकलेला नव्हता. आयुष्यभर वाट पाहून आवाज आलाच नसता, तर? ही शक्यता खरी होती, आणि ती त्यांना माहीत होती.

१४ सप्टेंबर २०१५, सोमवार. आपल्याकडे पोळा नुकताच होऊन गेला होता, गणपती तीन दिवसांवर. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी एक लहर पृथ्वीतून पार गेली. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्यांतून, ताडोबातल्या सावलीत बसलेल्या वाघातून, भामरागडच्या संगमातून, तुमच्यामाझ्यातून. कोणाला काही कळलं नाही. फक्त अमेरिकेतल्या 'लायगो'च्या दोन केंद्रांत, आधी लिव्हिंगस्टनला आणि सात सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डला, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात एक पट्टी चढत गेली आणि विरली. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत पडली होती. नवं कृष्णविवर ६२ पटीचं. बेरीज ६५ यायला हवी. उरलेले तीन सूर्य लहरींमध्ये गेले होते. ती लहर निघाली तेव्हा सिरोंच्याजवळ वडधमला ज्यांची हाडं सापडतात ते डायनासोर जन्माला यायलाही शंभर कोटींहून जास्त वर्षं बाकी होती.

११ फेब्रुवारी २०१६ ला ही बातमी जाहीर झाली. विश्वेश्वरांनी ती ऐकली. पुढच्या जानेवारीत ते गेले.

*

लायगोनं त्यानंतर शेकडो टकरी ऐकल्या आहेत. त्यातली एक सांगतो. १४ जानेवारी २०२५, संक्रांतीचा दिवस. पहिल्या घटनेसारखीच जोडी, पण यंत्र दहा वर्षांत इतकं सुधारलेलं की आवाज कितीतरी पट स्वच्छ आला. स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये म्हटलं होतं की दोन कृष्णविवरं एक झाली तर नव्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ जुन्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी होऊ शकत नाही. या वेळी ते मोजता आलं. आधीच्या दोघांची बेरीज सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, नंतरच्या एकाचं सुमारे ४ लाख. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे टक्कर होण्याआधी दोघं मिळून महाराष्ट्रात मावली असती, नंतर नाही. विश्वेश्वरांनी सांगितलेलं घुमणंही या वेळी एकाहून अधिक सुरांत वेगळं ऐकू आलं.

अशा टकरींतून विश्व किती वेगानं पसरतं आहे हेही मोजता येतं. लहरीच्या ताकदीवरून अंतर थेट कळतं, आणि ती ज्या दीर्घिकेतून आली ती सापडली तर तिचा दूर जाण्याचा वेगही. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत ते जमलं, कारण लहरीपाठोपाठ प्रकाशही आला. नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीनंही ती जागा न्याहाळली. सध्या विश्वाच्या पसरण्याचे दोन हिशेब जुळत नाहीत. बालविश्वाच्या प्रकाशावरून ६७ येतात, जवळच्या ताऱ्यांवरून ७३. चूक मोजण्यात आहे की सिद्धांतात, यावर जोरदार भांडण चालू आहे. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. ते असते तर या भांडणात मजेनं उतरले असते असं मला वाटतं.

प्रकाश शोधायचा तर लहर आकाशाच्या कुठल्या भागातून आली ते नेमकं कळायला हवं, आणि दोन केंद्रांना ते नीट कळत नाही. दूरवर आणखी एक कान हवा. तो आपल्याकडे होतो आहे, हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. नकाशा उघडून बघा. चंद्रपूरपासून सरळ पश्चिमेला, जवळजवळ त्याच अक्षांशावर, अडीचशे किलोमीटरच्या आत. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तत्त्वतः मान्यता दिली आणि पैशासकट पूर्ण मान्यता यायला एप्रिल २०२३ उजाडला. २,६०० कोटी रुपये. अमेरिकेत भारतासाठी बाजूला काढलेली उपकरणं तोवर खोक्यांत पडून होती. सात वर्षं म्हणजे एखादी मुलगी बारावी होऊन पीएचडीला लागते एवढा काळ. आता २०३० च्या आसपास हे केंद्र चालू होईल असं सांगितलं जातं. नामदेवांसाठी देऊळ फिरलं अशी आख्यायिका ज्या गावाची, तिथे आता प्रोटॉनहून कमी हालचाल मोजली जाणार आहे!

हिंगोली का? कारण तिथली जमीन शांत आहे. भूकंप कमी, मोठे रस्ते, रेल्वे, कारखाने दूर. मराठवाड्याचा हा भाग मागास राहिला म्हणून ओरड होते, आणि ती खरी आहे. पण त्या मागासलेपणात एक शांतता शिल्लक राहिली आणि तीच आता जगाला हवी आहे. आमच्या चंद्रपुरात ती मिळाली नसती. कोळशाच्या खाणीत सुरुंग उडाला की आसपासच्या वस्त्यांतली भांडी वाजतात. गडचिरोलीत ती अजून पुष्कळ आहे, अंधारासकट. नागपूर जिल्ह्यातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथे अंधार जपायचा म्हणून दिवे झाकले गेले. भामरागडकडच्या पाड्यावरचा अंधार कोणी जपलेला नाही. वीज नीट येत नाही म्हणून तो आहे, आणि त्याचं कौतुक करताना मला थोडी लाज वाटते.

पण त्या अंधारात जे दिसत आलं त्याची नोंद कुठे आहे? तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले मयंक वाहिया आणि त्यांच्यासोबत गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून लोकांना आकाशाबद्दल विचारलं आणि २०१३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. सप्तर्षींत त्या लोकांना ऋषी दिसत नाहीत. चौकोनाचे चार तारे म्हणजे खाट, आणि मागचे तीन तारे खाट चोरायला निघालेले चोर. मृग नक्षत्रात त्यांना नांगर दिसतो. हे आकाश शेतकऱ्याचं आहे, राजाचं किंवा पुरोहिताचं नाही. या कामाची किंमत मला आयुकातल्या नमुन्यांपेक्षा कमी वाटत नाही, आणि ते जास्त तातडीचं आहे. लहरी येतच राहतील, पुढच्या वर्षी ऐकल्या तरी चालतील. खाटेची गोष्ट सांगणारी बाई ऐंशीची आहे.

लाडबोरीनंतर तीनेक वर्षांनी, उन्हाळ्यात मामाकडे गेलो होतो. रात्री अंगणात बाजेवर पडून त्याला दोन कृष्णविवरांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे हवा नोती तरी पडलेच." म्हटलं, हो. मग त्यानं हात वर करून खाट दाखवली. म्हाताऱ्या आजीनं त्याला लहानपणी दाखवलेली. तीन चोरांपैकी मधल्याजवळ एक बारीक तारा आहे, तो कोण, हे आजीनं सांगितलं होतं पण त्याला आठवेना. शेजारच्या गावात आजीची एक चुलतबहीण अजून आहे, तिला ठाऊक असेल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गेलो. फोनवर अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. मागे कुत्रं भुंकतं आहे, कोणीतरी ट्रॅक्टर चालू करतं आणि नेमकं तिथेच तिचा आवाज बुडतो. त्या ताऱ्याचं नाव ती दोनदा घेते. मी आतापर्यंत वीसेक वेळा ऐकलं, पहिलं अक्षर 'क' आहे की 'ग' ते नक्की होत नाही. दिवाळीला परत जायचं आहे.